कौशल्याचा अर्धा चेहरा

मु. डोणगाव

आदरणीय पंजाबरावभाऊ यांना,
तुमच्या घरच्या जावयाचा, शालिग्रामचा, हात जोडून रामराम. जानेफळला सगळे बरे असतील, वहिनींचे गुडघे जिना चढू देत असतील आणि तुमची मिशी अजूनही तुमच्याआधी दाराबाहेर पडत असेल, असं धरून चालतो. (मिशीची चौकशी मुद्दाम केली आहे.) इकडे कांदा बरा आहे. मी आहे तसा आहे.

तुमच्या बहिणीला, कौशल्याला, जाऊन वर्ष होत आलं. भिंतीवर तिच्या फोटोसाठी ठोकलेल्या खिळ्यावर सध्या माझी टोपी असते, कारण फोटोच नाही. मोबाईल समोर धरला की ही पदर ओढून चुलीकडे वळायची. आधार कार्डावरचा काळपट फोटो तर पाहून ती स्वतःच म्हणाली होती, "हे कोन भूत होय?" शेवटी तुमच्या योगिनीच्या लग्नातला एक सापडला. त्यात ती मागच्या रांगेत हसते आहे आणि डावा अर्धा चेहरा तुमच्या फेट्याआड आहे. (तुम्हाला दोष देत नाही. फेटा मोठा होता एवढंच.)

स्टुडिओवाल्याला दिला तर त्याने अर्ध्या चेहऱ्याला कुण्या बाईचा अर्धा चेहरा लावला, खाली पैठणी नेसवली आणि गळ्यात तीन पदरी हार घातला. जिने जन्मात पैठणी नेसली नाही, तिला मेल्यावर दुसऱ्याची नेसवून घरी आणायची? तो फोटो तिथंच ठेवला आणि समोरच्या कॉम्प्युटर क्लासात जाऊन नाव घातलं.

शिकवणारी मनाली आपल्या डिंपलच्या वयाची. तिने आधी फोटो मोठा, आणखी मोठा केला. डोळा गेला, नाक गेलं, उरले नुसते रंगाचे चौकोन. "काका, फोटो म्हणजे हेच असते." मी म्हटलं, बाई, लहान कर, मले भेव वाटते. मग लेयर शिकलो. म्हणजे एका चित्रावर दुसरं, काचेवर काच ठेवल्यासारखं. तुमचा फेटा कापायला चार दिवस गेले. एकदा फेटा राहिला आणि कौशल्याच गेली. माझा चेहरा पाहून मनालीने एक बटण दाबलं आणि ती परत आली. मी विचारलं, हे बटण किती मागं नेते? "फाईल उघडली तिथपर्यंत, काका." म्हटलं, बस?

फेटा निघाला तिथं पांढरं भोक राहिलं. मग उजवा अर्धा उलटवून डावीकडे जोडला. रेघ पुसली, रंग जुळवला, मनालीने शाबासकी दिली. घरी डिंपलला दाखवला. तिने बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "बाबा, ह्या कोन आहेत?" मग आत गेली. भाऊ, दोन्ही बाजू सारख्या केल्या की माणूस ओळखू येत नाही, हे क्लासात शिकवत नाहीत.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
शालिग्राम

ता. क. – खरं काम असं. मनालीने लग्नाचा तो फोटो नीट पाहिला आणि म्हणाली, हे फेटेवाले आणि काकू यांचा जबडा एकच आहे. तरी मिशी काढून, खिडकीच्या उजेडात डाव्या बाजूने हसरा फोटो काढून पाठवावा. अर्धाच लागेल. मिशी परत येईल. तेवढं तिच्यासाठी करा.

आणखी एक – हे वहिनींना वाचून दाखवू नका. कौशल्याच्या डाव्या गालावर तीळ होता. डोळ्याखाली होता का ओठाजवळ? मी माऊसने इकडे ठेवून पाहिला, तिकडे ठेवून पाहिला, मले सगळीकडेच बरोबर वाटते. इतकी वर्षं समोर बसून जेवलो, भाऊ. पोरीले विचारायची हिंमत होत नाही. तुमाले आठवत असन तर सांगा. नसन आठवत, तरी एक जागा ठामपणे सांगा. मी तीच खरी मानतो.