सतरावा खण

प्रिय चिमणे,

मंगळवार, चौदा तारीख, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. या वेळी तू शब्दकोशाच्या कचेरीतला सतरावा खण दोन अनोळखी माणसांच्या हवाली केलास आणि तसं लिहून खाली सहीही ठोकलीस. कचेरीतला शिपाई घरी येऊन हे सांगायला लागला तेव्हा आधी मी त्यालाच झापलं. तीस वर्षं त्या कपाटांची किल्ली माझ्या कमरेला होती. संचालकांनी खण उघडला तरी मी शेजारी उभी असायचे. आणि तू, माझी सख्खी भाची, माझ्याच खुर्चीवर बसलेली, शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तसा खण उचलून देतेस? आदेश कुणाचा, कशासाठी, हे विचारायला तोंड नव्हतं का? शिपाई म्हणतो, विचारलं होतंस, आणि तेव्हा त्यातल्या एकाने खोलीचं दार आतून लावून घेतलं. बरं. तेवढं बोलणं मी मागे घेते.

पण खण कोणता गेला ते बघ. आपला कोश अर्थाप्रमाणे लावलेला. सतराव्या खणात, सगळे मानतात ते न मानणाऱ्या माणसाला लोक काय काय म्हणतात, ते शब्द: नास्तिक, पाखंडी, धर्मबुडवा, बंडखोर, उफराट्या डोक्याचा. प्रत्येक कार्डावर कुणीतरी खरोखर बोललेलं एक वाक्य, आणि त्याखाली माझ्या हिरव्या शाईत, कोण बोललं, कुणाबद्दल, पत्ता, तारीख. हा नियम माझा. मिशनच्या शाळेत सिस्टर सांगायच्या की नाव-पत्ता नसलेलं बोलणं म्हणजे चहाडी, आणि चहाडखोर मुलीला बाकावर उभं करायच्या. मी तेच कचेरीत आणलं. पत्ता नसलेलं कार्ड मी सरळ फाडायचे. नवीन लागलीस तेव्हा त्यापायी तू दोनदा रडलीस, आणि मी तुला रुमालसुद्धा दिला नाही.

काल, बुधवारी, दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ आणायला गेले. कोपऱ्यावरचा घड्याळजी तुला आठवत असेल, दोन चष्मे एकावर एक लावणारा. दुकानाची फळी अर्धीच लावलेली, आत त्याची बायको एकटी. सांगत होती, सकाळी दोघं आले, जरा बोलायचंय म्हणाले आणि घेऊन गेले. जाण्याआधी त्यांनी एका कार्डावरून एक वाक्य वाचून दाखवलं आणि हे तुझंच का, म्हणून विचारलं. ‘बायको मला नास्तिक म्हणते, पण घड्याळ बंद पडलं की देवाला नाही, मलाच हाक मारते.’ अकरा वर्षांपूर्वी त्याने हसत हसत सांगितलेलं, मी हसत हसत टिपलेलं. तो हो म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नसेल. बाई मला विचारत होती की हे त्यांना कळलं कसं. मी घड्याळ न घेताच परतले. तिच्यासमोर मला माझी बोटं पदराखाली लपवावीशी वाटली.

तेव्हापासून मी दाराची साखळी काढलेली नाही. जिन्यात पावलं वाजली की गॅस बंद करते, जणू भाजीच्या वासाने मी सापडणार आहे. जन्मभर मी लोकांना दरडावलं, आणि आता दूधवाल्याला ‘कोण?’ विचारताना माझा आवाज फुटत नाही.

तुला रागावण्यासाठी म्हणून हे पत्र सुरू केलं, पण खरं वेगळंच आहे. तू नऊ वर्षांची होतीस. सगळे डोळे मिटून प्रार्थनेला उभे होते आणि तू टक्क उघड्या डोळ्यांनी विचारलंस, ‘ऐकणारा कुणी नसेल तर?’ तुझी आजी म्हणाली, ‘ही पाखंडी कार्टी कुणावर गेली?’ मला इतका अभिमान वाटला की दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मी त्याचं कार्ड केलं. तुझं पूर्ण नाव घातलं. त्याच घराचा पत्ता, जिथे तू आजही राहतेस. ते कार्ड तू कधी पाहिलं नाहीस, आणि तुझ्याच हाताने दिलंस. आज घरी जाऊ नकोस. पत्र शिपाई कचेरीतच तुझ्या हातात देईल, फोन मी मुद्दाम करत नाही. फोनवर कुणीही शेजारी बसून तुला धीट बोलायला लावू शकतं. तुझं अक्षर मात्र घाबरलं की डावीकडे कलतं, ते मला ओळखता येतं. उद्या, शुक्रवारी, संध्याकाळी पाचच्या आत मला तुझ्या हातचं लेखी उत्तर हवं. दोन ओळी, शिव्या असल्या तरी चालतील. पाच वाजून गेले तर मी हिरवं पेन पर्समध्ये घालून खण नेणाऱ्यांच्या दारात जाऊन उभी राहीन आणि सांगेन की ही सगळी अक्षरं माझी आहेत. आणि चिमणे, उत्तरावर नाव घालू नकोस, तारीख नको, कुठून लिहिलंस तेही नको. या एका कागदाला मी पत्ता विचारणार नाही.

तुझीच,
मावशी