पाखरीला लागलेल्या गोमाश्या

कोऱ्हाळे बुद्रुक,
२ ऑगस्ट २०२५

ती. सारजाताईस,
धाकट्या बिरदेवचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. तुझे गुडघे कसे आहेत? मला फोनवर काही ऐकू येत नाही आणि आमचा पोरगा संदेश तुझं बोलणं मला अर्धंच सांगतो, म्हणून तुझ्या रविराजच्या दुधाच्या टेम्पोतून ही चिठ्ठी पाठवतोय.

आपली पाखरी घोडी फार हैराण आहे. कालव्याला पाणी, चहूकडून ऊस, त्यात शेजाऱ्याने म्हशींचा नवा गोठा घातला. गोमाश्या नुसत्या उठल्यात. घोडीच्या पोटाखाली आणि छातीवर चावून चावून रक्त काढतात. दिवसभर पाय आपटते, चंदीला धड तोंड लावत नाही. पोटात शिंगरू आहे, दिवाळीनंतर व्यायची. आपली मेंढरं गेली, फिरस्ती संपली, त्यातली ही एकटीच उरली. हिच्या आईच्या पाठीवर आपलं अख्खं बिऱ्हाड असायचं. हिचं काही बरंवाईट झालं तर मी काय करू, ताई?

लिंबाच्या पाल्याचा धूर करतो, पण वारा फिरला की तो माझ्याच डोळ्यांत जातो. आबा घोड्यांना काय लावायचे? तू थोरली, तुला आठवत असेल. लवकर कळव.

लोभ आहेच, या खेपेला त्यातला थोडा घोडीच्या वाट्याला येऊ दे.

तुझा,
बिरदेव

मोरगाव,
४ ऑगस्ट

चि. बिरदेव यास सारजाताईचे अनेक आशीर्वाद.

गुडघे आहेत तसेच आहेत, त्यांचं काय घेऊन बसलास! चिठ्ठी वाचली. आबा काय लावायचे ते खूप आठवून पाहिलं, पण आठवेना. मात्र आमच्या मेंढरांना गोचिडासाठी लावतो ते औषध फार गुणाचं आहे. गोचीड तर पडतेच, माशीही अंगावर बसत नाही. उरलेली बाटली रविराजकडे दिली आहे. पाण्यात कालवून घोडीला अंगभर चोळ. तुझा हात पहिल्यापासून आखडता, म्हणून सांगते, पोटाखाली चांगलं लाव. मग बघ, कशी शांत उभी राहते ती.

संदेशला आशीर्वाद. दोघंही वेळेवर जेवत जा, एवढीच माया माझ्यावर ठेवा.

तुझी,
ताई

मोरगाव,
६ ऑगस्ट

चि. बिरदेव यास आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे, अक्षर लावून वाच. सूनबाई मनिषा आज माहेरून आली आणि बाटली कुठं गेली म्हणून विचारू लागली. मी सांगितलं तशी ती कपाळावर हात मारून म्हणाली, आत्या, त्ये घोड्याला चालत न्हाय वो! तिनं लगेच संदेशला फोन लावला, तर तू कालच घोडीला चोळून मोकळा झालेला. संदेश म्हणाला, आता धुऊन काढतो. पुढं काय झालं ते कोणी सांगत नाही.

मी ताट तसंच बाजूला सारलं. गाभण जनावर आणि मी काय करून बसले! जे असेल ते लिही, लपवू नकोस.

माझ्यावर लोभ ठेव म्हणायला तोंड नाही.

ताई

कोऱ्हाळे बुद्रुक,
८ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

लपवत नाही. साबण लावून तिला दोनदा धुतली, तरी परवापासून लीद पडलेली नाही. मान वळवून आपल्याच पोटाकडं बघते, खाली बसते, परत उठते. बारामतीच्या डॉक्टरबाई आल्या होत्या. त्यांनी नाकातून नळी घालून तेल आणि पाणी पोटात सोडलं, सुया दिल्या. त्या म्हणाल्या की मेंढराला सोसतं ते घोड्याला सोसत नाही, या औषधाने घोड्याची आतडी हलायचीच थांबतात. लीद पडली तर घोडी आपली.

घोडी विकून टाका म्हणून माझ्या मागं लागणारा संदेश कामावर सुट्टी टाकून तिला हळूहळू फिरवतोय. मी नुसता तिच्या शेपटीमागं उभा आहे. बाटली तू पाठवलीस, पण मेंढराला चोळावं तशी चोळली मी. आपल्या घरात सगळं मेंढराच्या मापानं होतं, त्याला तू काय करणार? रडू नकोस. जेव.

तुझा,
बिरदेव

कोऱ्हाळे बुद्रुक,
१० ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

लीद पडली! संदेश भर आवारात ओरडला, आन् मला, बहिऱ्याला, ते ऐकू आलं. शेजारचे लोक काय झालं म्हणून धावत आले आणि आम्ही दोघं लिदीकडं बघून डोळे पुसतोय. डॉक्टरबाईंनी तपासलं, शिंगरूही ठीक आहे. आता कशी थोडी थोडी चंदी खाते.

पण माश्या होत्या तशाच आहेत गं. आता काय करावं?

तुझा,
बिरदेव

मोरगाव,
११ ऑगस्ट

चि. बिरदेव यास पोट भरून आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी आली, मग जेवले. आणि हात धुताना मला आठवलं. अरे, आबा घोड्यांना काहीच लावत नव्हते! पावसाळ्यात आपलं बिऱ्हाड माळावर असायचं. चिखल आणि माशी असेल तिथं आबा थांबतच नसत. आपण घर बांधून एका जागी बसलो आणि औषध शोधत राहिलो.

आमच्या मागचा माळ उघडा आहे, दिवसभर वारा असतो. तिला ताकद आली की इकडं घेऊन ये. व्यायपर्यंत राहू दे.

वाट पाहते आहे,
ताई

कोऱ्हाळे बुद्रुक,
१८ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

टेम्पोनं सुखरूप परत पोचलो. पाखरीला तुमच्या माळावर बांधलं तेव्हा अंगावर एकही गोमाशी नव्हती, हे डोळ्यांनी पाहिलं, बरं वाटलं. निघताना तिला काही सांगितलं नाही, तोबऱ्यात तोंड होतं तेवढ्यात सटकलो. इथं सकाळी सवयीनं चंदी भिजवून बसलो. संदेशनं ती शेजारच्या म्हशीला घातली.

माझी घोंगडी तुमच्याकडं राहिली आहे. रविराजबरोबर पाठव. पाखरी कशी आहे?

तुझा,
बिरदेव

मोरगाव,
२० ऑगस्ट

चि. बिरदेव यास अनेक आशीर्वाद.

जखमा सुकत आल्या, माश्या नाहीत. पण तू गेलास त्या दिवसापासून ती चंदीला शिवत नव्हती. रस्त्याकडं तोंड करून उभी. मी हातानं भरवलं, मनिषानं गूळ दिला, काही उपयोग नाही. माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. शेवटी काल मनिषानं तुझी घोंगडी तिच्यासमोर खुंट्यावर टाकली. तिनं बराच वेळ वास घेतला आणि मग तोबऱ्यात तोंड घातलं.

तेव्हा घोंगडी काही मिळायची नाही. थंडी वाजली तर इकडं ये. मनिषानं तुझं अंथरूण पडवीत घालून ठेवलं आहे, तिथून माळ दिसतो.

तुझी,
ताई