मी नाही खोडले

भवानी पेठ, सोलापूर
७ जुलै २०२४

आदरणीय दादा,
सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तू ऐकत नाहीस, बोलतोस. व्हॉट्सअ‍ॅपवर मी लिहिते, तर तू बोलूनच पाठवतोस. म्हणून पत्र, पत्राला मध्येच तोडता येत नाही. चष्मा सापडला असेल तर स्वतः वाच, नाहीतर वहिनींकडून वाचून घे.

तुझी लेक प्रिया माझ्याकडे मजेत आहे. नववीच्या चाचणीत तिने ‘माझा मामा भात खातो’चं ‘भाझा भाभा मात खातो’ केलं. मी हसले. ती हसली नाही. त्या हसण्यावर मी रोजनिशीत दीड पान लिहिलं, तरी समाधान झालेलं नाही.

तिची तपासणी करून घेतली. डिस्लेक्सिया निघाला, तसं सर्टिफिकेटही मिळालं. घाबरू नकोस, हा रोग नाही. बुद्धी चोख आहे, पण अक्षरं ओळखायला मेंदू लांबच्या रस्त्याने जातो. एक्स्प्रेस भरभर जाते, पॅसेंजर प्रत्येक स्टेशनावर थांबते. सोलापूरला दोन्ही पोचतात. पॅसेंजरला वेळ जास्त द्यायचा, एवढंच. दहावीच्या पेपरला तो जादा वेळ तिला मिळू शकतो. त्यासाठी वडिलांच्या संमतीचा फॉर्म नववीतच, दहा ऑगस्टपर्यंत शाळेत द्यायचा आहे. नाही दिला तर ती नापास होईल. हे मी तिला सांगितलेलं नाही, तिनेच मला सांगितलं.

सातवीत तू माझ्यासाठी शाळा सोडलीस, म्हणून मी बी.ए. झाले. ते मी विसरलेले नाही. दरवर्षीसारखी यंदाचीही चादर वेगळ्या पार्सलने पाठवली आहे. आता तिच्यासाठी सही कर.

लोभ आहेच, तो तेवढा फॉर्मवर उतरव.

तुझी,
तेजश्री


केम, ता. करमाळा
१२ जुलै

चि. तेजूस जयभीम.

(हे सांगतात, मी लिहिते. चष्मा अजून सापडायचाय. — मीनाबाई)

तुजं पत्र पोचलं. चादर पोचली, अकरावी हाय. रोग न्हाय म्हंतीस, मग सर्टिफिकीट कशाला? माजी पोर पाण्याची मोटार खोलून परत बसवती, एक नट उरत न्हाय. (एक उरला होता.) तिला सरकारी शिक्का मारून ढ ठरवायचं व्हय? ढ म्हंजे काय ते तुला काय ठावं, तू कायम पयली. मास्तर पोराला ढ म्हनतोय, आन् मग ते एकच अक्षर जन्मभर पाठ ऱ्हातंय. (इथं आवाज चढला. चहा दिला.)

चहा घेऊन इचार केला. परवा पोरगी फोनवर म्हनली, पप्पा, लोकं म्हनत्यात अक्षरं नाचत्यात, तसलं काय न्हाय, ती मला जुळ्या भावावानी दिसत्यात. त्यावर मी फोन हिच्या हातात दिला. (खरंच दिला. लग्नानंतर दुसऱ्यांदा.) शिकलेली तू हायेस. पाठव कागद, सही करतो.

(मी सोमवारी अकलूजला चालले, आईचा पाय मोडलाय. आठ-दहा दिवस हे हातानं करून खातील. तेवढे दिवस ह्यांच्यावर माया राहू द्या.)

तुजा दादा


भवानी पेठ
२४ जुलै

दादा, जयभीम.

फॉर्म परत आला. ‘माझी संमती आहे / नाही. लागू नसेल ते खोडावे’ यातलं ‘आहे’ तू तीन रेघा मारून खोडलंस आणि खाली झोकात सही केलीस. प्रियाने तो पाहिला, राहू दे आत्या म्हणाली, आणि भांडी घासायला गेली. भांडी घासलेली होती.

मी आधी स्वतःला दोष दिला, की मीच तुला घाई केली. मग तुला दिला. तुझं पारडं जड निघालं. मन बदललं होतं तर तसं सांगायचंस. लेकीच्या तोंडावर रेघ कशाला मारलीस?

लोभाचं नंतर बघू.

तेजश्री


केम
२९ जुलै

चि. तेजूस जयभीम.

मीनाला सांगितलंय, मी बोलीन ते सगळं लिहायचं, मदी आपलं काय घालायचं न्हाय.

तुजा कागद आला तवा ही अकलूजला. सहीच तर करायचीय म्हनलं. बघतो तर दोन शब्द, मदी रेघ. शेजारच्या गुरुशांतला इचारायची लाज वाटली. ज्वारीची इरळणी करताना एका जागी दोन रोपं दिसली की एक उपटायचं, एवढं मला कळतंय. पयलं उपटलं.

तेजे, मला वाचता येत न्हाय. सही म्हंजे चित्र हाय. चष्मा जत्रंतला, साद्या काचंचा. नको तवा मीच तो हरवतो. जयभीम तेवढं येतंय, कारन ते वस्तीच्या कमानीवर रोज बघतो.

आन् त्या त्यागाचं. मी दोनदा नापास झालो, तवर तू माज्याच वर्गात आलीस. मास्तरनी तुला माज्या शेजारी बसवली आन् सांगितलं, भावाला धडा वाचून दाखव. मी शाळा सोडली ती तुज्यासाठी न्हाय, तुज्यापासनं सुटायला. आईनं गावभर सांगितलं की पोरानं बहिणीसाठी शाळा सोडली. ऐकायला बरं वाटलं, म्हनून ऱ्हाऊ दिलं. आता घरात त्यागाच्या अकरा चादरी झाल्यात, थंडीत एक पांघरतो तर दहा बोचत्यात.

लेकीला सांग, बापानं न्हाय म्हनलेलं न्हाय. बापाला ‘आहे’ वाचता आलं न्हाय.

दादा

(एकच लिहिते. हे सांगताना रडले नाहीत. मी लिहिताना रडले, म्हणून शाई फुटलीय.)


भवानी पेठ
१ ऑगस्ट

आदरणीय दादा,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी प्रियाला वाचून दाखवलं. दाखवावं की नाही यावर एक रात्र घालवली. ती एवढंच म्हणाली की पप्पांची पॅसेंजरच आहे, माझ्यासारखी. मग इतकी हसली की मलाही हसावं लागलं. या हसण्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

‘ढ’ म्हणे अशोकाच्या शिलालेखात होता तसाच आजही आहे. बदलत नाही, म्हणून मठ्ठाला ढ म्हणायचं. दोन हजार वर्षं जागा न सोडणारं अक्षर मठ्ठ कसं, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

दुसरा फॉर्म पाठवते. शाळेतले बाबू म्हणाले, तिसरा मिळणार नाही. सोबत लग्नपत्रिकेला खिडकी कापून प्रियाने केलेली पट्टी आहे. ती कागदावर ठेवली की एका वेळी एकच शब्द दिसतो. ती स्वतः अशीच वाचते. तिचा निरोप: पप्पा, मधल्या रेघेच्या दोन बाजूंना जे दोन शब्द आहेत, त्यातल्या ज्याच्या शेवटी वेलांटी असेल तो खोडा. मम्मीला विचारायचं नाही. परातीत रवा पसरून आधी बोटाने गिरवा.

वहिनी, रव्याबद्दल क्षमा. माया रव्यासकट असावी.

तेजश्री


केम
६ ऑगस्ट

तेजे जयभीम
मी नाही खोडले
लोम असावा
दादा


भवानी पेठ
९ ऑगस्ट

आदरणीय दादा,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझ्या हातचं पहिलं पत्र मी एका नजरेत वाचलं आणि पालथं ठेवलं. नाही खोडले! रात्रभर रामायण ऐकून सकाळी रामाची सीता कोण विचारावं, तसं झालं म्हटलं. फॉर्म पाकिटात आठ घड्या घालून बसला होता, तो उघडायचा मला धीर होईना. तुला फोनवर काय काय बोलायचं ते मनात जुळवायला लागले, आणि त्यातलं पुष्कळसं वाईट होतं.

प्रियाने पत्र ओढून घेतलं. तिने पट्टी ठेवली. मी. पट्टी सरकवली. नाही. पुन्हा सरकवली. खोडले. मग मला म्हणाली, आत्या, अगं ‘नाही’ खोडलंय त्यांनी.

घड्या उलगडल्या. ‘नाही’वर एकच रेघ, सरळ, सरीसारखी. ‘आहे’ला धक्का नाही. कागदात थोडा रवा होता.

बी.ए. झालेल्या, ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या बाईला तीन शब्द वाचता आले नाहीत, कारण ती एक्स्प्रेसने गेली. हे रोजनिशीत लिहिलं आहे, एका ओळीत.

फॉर्म आज दिला. बाबूंनी पोच दिली. बारावी चादर पाठवते आहे. ही त्यागाची नाही, बोचली तर परत कर. जयभीममधला भ तुला येतो, तोच लोभात घाल. मात्र घाई नाही. लोम पोचला, तो तसाच असू दे.

तुझ्या शेजारी बसलेली,
तेजे