हयात असूनही मौन असल्याबाबत

प्रति,
मा. शाखाधिकारी साहेब,
उत्तरायुष्य निधी कार्यालय,
नाशिक.

विषय : माझी हयात तोंडी सिद्ध न झाल्याने रोखलेले निवृत्तिवेतन सुरू करणेबाबत.

संदर्भ : आपले दि. १९ सप्टेंबर २००८ चे, माझ्या वारसांस उद्देशून आलेले व मीच सही करून घेतलेले पत्र.

महोदय,

मी खाली सही करणार श्रीमती चांगुणा यशवंत गायधनी, वय पूर्ण पंचाहत्तर, राहणार पंचवटी, विनंतीपूर्वक अर्ज करते की,

१) मी एका खाजगी छापखान्यात पस्तीस वर्षे मुद्रिते तपासण्याचे काम केले. तेथे निवृत्तिवेतन नव्हते. मला मूलबाळ नाही, यजमान आधीच गेलेले. सन १९९२ मध्ये निवृत्त होताना जी पुंजी हाती आली, तिच्यासंबंधी आपले तेव्हाचे प्रतिनिधी श्री. किशोर यांनी माझ्या ओट्यावर बसून सल्ला दिला. ते म्हणाले, "मावशी, लोणच्याच्या दोन बरण्या करा. एक रोज उघडा, पंचाहत्तरीपर्यंत पुरवा आणि खुशाल संपवा. दुसरी आत्ताच तोंडाला फडक्याचा दादरा बांधून आमच्या निधीत ठेवा. ती पंचाहत्तरीला उघडेल, दरमहा वेतन देईल, आणि तुम्ही आहात तोवर तिचा तळ दिसायचा नाही." मी विचारले, मधेच गेले तर? ते म्हणाले, "मग बरणी निधीची. पण तुम्ही कुठं जाताय?" आमच्या गल्लीतील ज्योतिषीबुवांनी मला त्र्याहत्तर वर्षे सांगितली होती. तरीही मी किशोर यांचे ऐकले, कारण माझा ज्योतिषावर विश्वास असला तरी देवीवर जास्त आहे.

२) त्याच वर्षी मी वणीच्या देवीला नवस बोलले, की म्हातारपणी मला कोणापुढे हात पसरायला लावू नकोस. पहिले निवृत्तिवेतन हाती पडेपर्यंत मी दर चातुर्मासात सूर्योदयापासून दुपारी साडेबाराच्या नैवेद्यापर्यंत मौन पाळीन. सोळा वर्षे हे व्रत अखंड चालू आहे. देवीने तिची बाजू सांभाळली, दि. १ ऑगस्ट २००८ रोजी मला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली.

३) आपल्या कार्यालयात हयातीची तपासणी सकाळी साडेदहा ते बारा या वेळेतच होते. पंचवटीतील गुरुजींनी नैवेद्य दहालाच दाखवण्याची सवलत देऊ केली होती. परंतु ज्या देवीने सोळा वर्षांत वेळ चुकवली नाही, तिला माझ्या सोयीसाठी लवकर जेवायला बसवणे मला बरे वाटले नाही.

४) मी दि. ४ ऑगस्ट रोजी समक्ष हजर झाले. लिपिक श्री. हर्षल यांनी अदबीने खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि विचारले, "मावशी, आपण हयात आहात ना?" मी मान हलवली. ते म्हणाले, "मान नको, तोंडानं सांगा. रकाना सातमध्ये 'तोंडी उत्तर ऐकले' असं लिहायचंय." मी सोबतच्या पाटीवर 'होय, हयात आहे' असे लिहून दाखवले. त्यावर, "लिहून काय, कोणीही देईल," असे त्यांचे म्हणणे पडले व माझ्या कागदावर पुढील शेरा बसला : 'विचारणा केली असता मौन. हयात संशयास्पद.' निघताना ते माझ्या पाया पडले. मी डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद मिळाल्याचे त्यांनी मान्य केले, शेरा मात्र बदलला नाही.

५) दुसऱ्या खेपेस मी डॉक्टरांचा दाखला नेला. त्यात हृदयाचे ठोके नियमित असल्याचे नमूद आहे. श्री. हर्षल म्हणाले, "ते डॉक्टरांनी ऐकले, मी कुठं ऐकले?" तिसऱ्या खेपेस शेजारीण झुंबरबाई सोबत आल्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "अरे बाबा, मेलेली बाई रिक्षावाल्याशी बोटांवर भाव करती का? दहा म्हणला, आठ दिले हिनं." खिडकीपाशी रांगेतले सगळे हसले. श्री. हर्षलही हसले आणि त्यांनी 'साक्षीदार हयात' अशी नोंद घेतली.

६) त्यानंतर संदर्भातील पत्र आले. पाकिटावर 'कै. चांगुणा गायधनी यांचे वारस' असा पत्ता होता. पोस्टमन सोमा यांनी बराच वेळ पाकीट हातात धरले आणि विचारले, "बाई, हे तुम्हाला द्यायचं का तुमच्यामागं कोण राहिलंय त्याला?" पत्र ऐन पितृपक्षात आल्याने झुंबरबाईंनी "आता तुझं पान वाढून कावळ्याला बोलवू का?" असे विचारून दिवसभर माझी थट्टा केली. पत्रात मृत्यूचा दाखला दि. ३१ ऑक्टोबरपर्यंत सादर करावा, अन्यथा प्रकरण कायमचे बंद होईल, असे आहे. चातुर्मास कार्तिकी एकादशीला, म्हणजे त्यानंतर नऊ दिवसांनी संपतो.

७) साहेब, मी बोलले तर नवस मोडतो, आणि ज्या नवसाच्या बळावर मी इथवर आले त्याच्याशीच बेइमानी होते. न बोलले तर दुसरी बरणी निधीची होते. पहिली बरणी मी ठरल्याप्रमाणे जुलैअखेर संपवली आहे. हिशेब चुकला नाही, हीच चूक झाली. सध्या नवरात्राचे उपवास चालू आहेत. त्यांतले व्रताचे किती आणि रिकाम्या डब्याचे किती, हे आता माझे मलाही सांगता येत नाही. झुंबरबाई रोज वाटी झाकून आणतात व "देवीचा प्रसाद" म्हणतात. त्यात वांग्याचे भरीत असते. मी ओळखते, पण तेव्हा सकाळ असते, म्हणून बोलता येत नाही.

८) तरी माझी विनंती अशी. शक्य असल्यास केवळ एक दिवस मला दुपारी एक वाजता तपासावे. नियमात ते बसत नसल्यास दुसरा उपाय मी गुरुजींना विचारून ठेवला आहे. मौनात देवाचे नाव घेण्यास मनाई नाही. मी कोजागरीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता खिडकीपाशी येईन. श्री. हर्षल यांनी आपला प्रश्न विचारावा. उत्तरादाखल मी देवीची आरती पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत खड्या आवाजात म्हणेन. रकाना सातमध्ये 'उत्तर ऐकले' एवढेच लिहायचे आहे. उत्तर किती लांब असावे याबाबत आपला नियम काही सांगत नाही. आरतीच्या वेळी कार्यालयातील सर्वांना उभे राहावे लागेल, त्याबद्दल आगाऊ क्षमा मागते. तबक व कापूर मी आणीन. घंटा आपल्या मेजावर आहे, ती मी पाहिली आहे.

पहिले वेतन हाती पडले की व्रताचे उद्यापन करीन. जेवायला आपण व श्री. हर्षल यांनी अवश्य यावे. त्या दिवशी मी सकाळपासून बोलेन.

आपली नम्र, व या तारखेसही हयात,
(सही)
श्रीमती चांगुणा यशवंत गायधनी
पंचवटी, नाशिक – ३
दि. ३ ऑक्टोबर २००८

सोबत :
१. पाटी (परत मिळावी, किराण्याची यादी तिच्यावरच लिहिते)
२. डॉक्टरांचा दाखला
३. 'कै.' लिहिलेले पाकीट
४. अंगारा, श्री. हर्षल यांच्यासाठी

हा अर्ज दुपारी साडेबारानंतर अर्जदाराने स्वतः मोठ्याने वाचला व मी शेवटपर्यंत ऐकला. भरताचे वाचले नसते तरी चालले असते.
झुंबरबाई यांचा डाव्या हाताचा अंगठा