डाव्या पिळाची कड

प्रिय बुरूल,

हे पत्र उलकानच्या हाती देते आहे. आपली शेजारीण उलकान उद्या सकाळी भाचीच्या लग्नासाठी तुमच्या चाएकला निघाली आहे. पोचली की आधी तुझ्याकडे येईल. तुझ्याच हातात द्यायचं म्हणून तिला दोनदा बजावलं आहे. एकटी असताना वाच. तुझी आई विचारील, "काय म्हणतेय गं सासू?" तर सांग, उश्यांची मापं कळवली आहेत.

ते काही अगदीच खोटं नाही. तलाय रविवारी मॉस्कोहून उतरून परस्पर तुला माहेराहून घेऊन येणार, हे ठरल्यापासून तुझ्या सासऱ्यांच्या अंगात आलं आहे. पंधरा-वीस माणसं जेवायला बोलावली आहेत. मेंढा बाजूला बांधला आहे. मला म्हणाले, "पेटीवरच्या रजयांवर नव्या उश्यांची जोडी दिसली पाहिजे. लोकांना कळू दे, सून परत येतेय ती काही उपकार म्हणून येत नाही." आणि वर म्हणाले, "तिला चार ओळी लिही. बायकांचं बायकांना पटतं." तेव्हापासून दोन कामं माझ्या डोक्यावर आहेत, उश्या आणि पत्र. आज गुरुवार. दोन्हींतलं एकही धड झालेलं नाही. पत्राचे तीन कागद चुलीत गेले.

उशीचं ऐक. लाल मखमलीचा अभ्रा शिवला, लोकर पिंजून भरली, चारी कोपऱ्यांना गोंडे लावले. इथवर सगळं ठीक. कड लावायला घेतली आणि फसले. एक धागा उजव्या पिळाचा, एक डाव्या पिळाचा, दोन्ही शेजारी शेजारी टाकत गेलं की शिवणीवर गव्हाची ओंबी उमटते, हे मी काय तुला सांगू! उजव्या पिळाचा माझ्याकडे गुंडाभर आहे. डाव्या पिळाचा तू कातून ठेवलेला हिवाळ्यात संपला. म्हटलं, आपण कातू. टकळी उलटी फिरवायची, एवढंच तर आहे. पण चाळीस वर्षांचा हात. मन जरा इकडे तिकडे गेलं की टकळी आपली सवयीच्या बाजूला वळते. मला वाटलं डावा झाला, निघाला उजवाच. लावल्यावर कळलं. एकाच पिळाचे दोन धागे पडले, ओंबी तर नाहीच, सगळी कड आत गुंडाळली गेली. उलकानने बघितली आणि म्हणाली, "सायराकान, तुझ्या उशीला मुरडा झालाय काय गं?" मी हसले नाही. उसवली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. आता तिसऱ्यांदा उसवलेली समोर पडली आहे, मखमलीवर भोकं दिसायला लागली आहेत.

जरा उठले होते. मेंढ्यांना बघून आले. ठीक आहेत. मघाशीही ठीकच होत्या.

तुझा डावा हात मला पहिल्या दिवशी किती खुपला होता! लग्नाच्या दुसऱ्या सकाळी तू माझ्या बहिणींना चहा ओतून दिलास, तो डाव्या हाताने. सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं. मी आपली जीभ कधी आवरली आहे? म्हणाले, "हिच्या आईने रुखवतात सगळं दिलं, उजवा हात तेवढा घरीच राहिला." सगळ्या खो-खो हसल्या. तू मान खाली घालून पेले गोळा केलेस. मला वाटलं, बरं झालं, पहिल्याच दिवशी वेसण घातली. तीन महिन्यांनी आपण दोघी पहिल्यांदा उश्यांना बसलो. मी डावा धागा कातताना नेहमीसारखी कुथत होते. तू टकळी माझ्या हातातून घेतलीस आणि सहज फिरवलीस, पाणी ओतावं तसा डाव्या पिळाचा धागा निघायला लागला. वर न बघता, आईला हाक मारावी तसं म्हणालीस, "अपा, उजवा हात अजून माहेरीच आहे, तोवर डाव्याने भागवते." तीन महिने तू ते उत्तर पोटात ठेवलं होतंस! त्या दिवशी माझा तुझ्यावर जीव जडला, बुरूल. तुला तसं कधी सांगितलं नाही. सासू सांगत नसते.

आणि तुझं ते नाव न घेणं. सासऱ्यांचं नाव तेमिर, म्हणजे लोखंड, म्हणून लोखंड हा शब्द तुला वर्ज्य. फाटकाची कडी तुटली तेव्हा तू सुताराला समजावत होतीस, "जे लाकूड नाही आणि चांदीही नाही, त्याची कडी आणा." बिचारा डोकं खाजवत उभा. तुझे सासरे आतून ऐकत होते, मिशीतल्या मिशीत हसत होते. आता त्या कडीपाशी गेले की अजून हसतात. कठोर माणूस आहे, पण तुझ्यासाठी हळवा आहे. तू गेल्यापासून जेवताना तीन वाट्या मांडल्या गेल्या की गुपचूप तिसरी उचलून ठेवतात.

सहा वर्षांतली पाच तू नवऱ्याशिवाय या घरात काढलीस. तो गेला बांधकामावर, मधे एकदा आला, दहा दिवस राहिला. आपण दोघींनी मात्र किती उश्या शिवल्या, मोजल्या नाहीत. कोचकोरच्या पाहुणेघरातली बाई दरवर्षी म्हणायची, "ओंबीच्या कडेच्याच द्या, दुसऱ्या नकोत." गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. एका बाजूने मी टाके घालत यायची, दुसऱ्या बाजूने तू, कोपऱ्यावर सुया भेटायच्या. मला तर असं वाटायला लागलं होतं की मुलगा मी फक्त तुला या घरात आणण्यापुरता जन्माला घातला. देवाने हे ऐकलं असेल तर माफ करावं.

मागच्या शरदात तू माहेरी गेलीस तेव्हा मी अडवलं नाही. तू म्हणालीस, "अपा, वाट बघायलाही अंगात बळ लागतं, माझं संपलंय. तो स्वतः न्यायला आला तर येईन." बरोबर बोललीस. मग महिन्यामागे महिने गेले, आणि कानावर यायला लागलं की तू चाएकच्या बाजारात शिवणाची खोली घेतलीस. दोन मुली हाताखाली शिकतायत. त्यातली एक डावखुरी आहे म्हणे, आणि तिची आई तिला मारायची ते तू बंद करवलंस. उलकानने हे सांगितलं तेव्हा मी दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटले. परवा तुझ्या आईचा फोन आला. म्हणाली, "बुरूल शनिवारी खोलीची किल्ली परत देणार, मशीन भावजयीला ठेवणार." मी विचारलं, त्या मुलींचं काय? ती म्हणाली, "त्यांचं काय व्हायचंय? लग्न झालेल्या बाईची जागा घरात." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर चहाचं भांडं तसंच उकळून आटून गेलं, मला वासानेच कळलं.

हे लिहिते आहे तर तुझे सासरे दोनदा डोकावून गेले. "झालं का पत्र?" म्हणाले, "एवढं काय लिहितेस? ये म्हण, संपलं." मी म्हटलं, तुम्ही जा, मेंढ्याला पाणी दाखवा. ते समाधानाने गेले. त्यांना काही माहीत नाही, बुरूल. हे ध्यानात ठेव, त्यांच्यावर राग धरू नकोस.

दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा आठवतो? तू तलायशी फोनवर बोलत होतीस आणि मागून बाईचा आवाज आला. तुझा चेहरा उतरला. मी म्हटलं, "अगं टीव्ही असेल. परक्या गावात माणूस सोबतीला टीव्ही लावतो." तेव्हा मला खरंच ठाऊक नव्हतं, एवढं तरी माझ्या पदरात टाक. पण आईचं मन चोर असतं. टीव्ही अडखळत नाही, आणि ती बाई अडखळली होती, तू फोनवर आहेस हे कळल्यावर. मी ऐकलं आणि लोकर पिंजत बसले. आपला तो बाब्या, दुसरं काय!

आणि आता दहा दिवसांपूर्वीचा तुझा फोन. तू म्हणालीस, "अपा, सगळे म्हणतायत जा. वडील म्हणतायत, भाऊ म्हणतोय. मी कुणाचं ऐकणार नाही, तुमचं ऐकेन. रोटी हातात घ्या आणि सांगा, तिकडे त्याचं कुणी नाही ना?" आपल्यात रोटीची शपथ घेतली की पुढे प्रश्न उरत नाही. खोटं बोलणाऱ्याला रोटीच मारते, लहान पोरालाही माहीत असतं. मी म्हटलं, थांब, घेते. फडताळाशी गेले. फडकं उघडलं, रोटी तिथेच होती, सकाळची, गोल. माझा हात पुढे गेला नाही. परत येऊन बसले आणि मांडीवरची ही लाल उशी दोन्ही हातांत धरली. म्हणाले, "घेतली गं रोटी. कुणी नाही. खोटं असेल तर रोटी मला मारो." तू फोनवर रडलीस, म्हणालीस, "मग येते, अपा." मी स्वतःला समजावलं की रोटी नव्हतीच हातात, तेव्हा शपथ लागत नाही. साठी उलटलेली बाई मी, देवाशी लपंडाव खेळत होते! तेव्हापासून या उशीचा एक टाका सरळ पडत नाही. रोटीचा घास घशाखाली जाताना अडतो. तुझे सासरे म्हणतात, पाणी पी.

म्हणून आता न थांबता लिहिते, थांबले तर हाही कागद चुलीत जाईल. तिकडे त्याचं घर आहे, बुरूल. ओश शहराकडची बाई आहे, कामगारांच्या खानावळीत स्वयंपाक करते. त्यांना मुलगी आहे, आयजान नावाची, दोन वर्षं पुरी होतील. गेल्या उन्हाळ्यात त्याने मला फोनवर दाखवली आणि म्हणाला, "आई, घरात बोलू नका." मी बोलले नाही. तिला बघून माझं मन भरून आलं, तेही लपवत नाही, नात आहे माझी. तो रविवारी येतोय ते बापाने तोंड बघणार नाही अशी धमकी दिली म्हणून. मला त्याने सरळ सांगितलं, "बुरूल तुमच्यापाशी राहील, तुम्हाला सोबत होईल, मी मे महिन्यात परत जाईन. तिला काय कळतंय?" आणि मी, मेली, मनातून खूश झाले. तू परत येणार एवढंच मला दिसलं, कशासाठी ते मी बघितलंच नाही. तुझ्याइतकं मला कुणी नको आहे या घरात, आणि तरीही सांगते, शनिवारी किल्ली देऊ नकोस. तुझे वडील ओरडतील, भाऊ ओरडेल, त्यांना हे पत्र दाखव, सासूने स्वतःच्या हाताने लिहिलंय म्हणावं. तुझ्या सासऱ्यांना मी आज संध्याकाळी सांगणार आहे. ते मला काय करतील ते करोत. मेंढा सोडून देतील आणि माणसांना नको म्हणून कळवतील, एवढं मी करवून घेईन. तलाय दारात आला तर तुला वाटेल ते बोल, माझा मुलगा म्हणून गय करू नकोस. आणि एवढं सगळं कळूनही रविवारी त्याच्या गाडीत बसावंसं वाटलं, तर तो तुझा हक्क आहे, मी दार उघडेन. पण माझ्या शब्दावर विसंबून बसू नकोस, माझा शब्द खोटा होता.

तुझीच,
सायराकान
(अपा म्हणायचं की नाही, ते आता तू ठरव.)