चाळीस मिनिटं गप्प बसण्याची परीक्षा

सरस्वतीपुरम, म्हैसूर
सोमवार

तीर्थरूप भवानीआत्यांच्या पायांवर भुजंगाचं डोकं.

गौरीच्या सणाला आलेल्या तुमच्या पत्राला संक्रांत उलटली तरी उत्तर नाही, हा गुन्हा कबूल. पहिल्या दिवशी शाई नव्हती, दुसऱ्या दिवशी शाई मिळाली तर तुमचा पत्ता सापडेना, आणि पुढचे चार महिने निव्वळ आळस. तंजावरला सगळी खुशाल ना? आतोबांचा खोकला बरा असेल. (नसला तर मला भेटायला बोलावू नका, का, ते पुढं कळेल.)

बाबांनी तुम्हाला "पोरगा पाद्री झाला" असं कळवलंय म्हणे. झालो नाही, आत्या. ख्रिस्ती सेवाकार्याचं नेतृत्व शिकवणारी ती पदवी आहे. मंडळी कशी सांभाळायची, दुःखात माणसापाशी कसं बसायचं, असलं सगळं. मी एका मित्राच्या सोबतीला म्हणून कॉलेजात गेलो होतो. मित्र फॉर्म न भरता सिनेमाला गेला आणि मी भरून बसलो. प्रिन्सिपॉलसाहेबांना खरं सांगितलं, घर हिंदू मराठ्यांचं, आजवर तीन कॉलेजांतून पळालोय. ते हसून म्हणाले, "पळणाऱ्याला पुष्कळ दारं ठाऊक असतात. बस." बसलो. आणि काय सांगू, पहिल्यांदाच काहीतरी पुरं करावंसं वाटतंय. नाही केलं तर नजरबादच्या कचेरीत टपाल फोडायची जागा बाबांनी माझ्यासाठी धरूनच ठेवलीय.

आता शेवटची परीक्षा ऐका. बारा आजाऱ्यांना भेटायचं. प्रत्येकापाशी चाळीस मिनिटं बसून फक्त ऐकायचं. सल्ला नाही, औषध नाही, प्रवचन नाही. शेवटी आजाऱ्यानं फॉर्मवर सही करायची. अकरा जण असे बोलके निघाले की मला तोंड उघडायला फटच मिळाली नाही. अकरा सह्या! (बारावी भेट मागच्याच आठवड्यात व्हायची, पण स्टँडवर बैलकुप्प्याची बस उभी दिसली. तिथल्या तिबेटी मठातले ढोल ऐकून आलो. केवढाले ढोल, आत्या! असो.)

बाराव्या म्हणजे सुगुणा टीचर, रिटायर झालेल्या हेडमिस्ट्रेस. खुब्याचं हाड बसवून चार महिने होत आले; डॉक्टर म्हणतो चाला, आणि बाई पलंग सोडत नाहीत. मी गेलो तर एक शब्द नाही. भिंतीकडे बघतायत. दहा मिनिटं, बारा मिनिटं. आता आपल्या घरची रीत तुम्हाला माहीत, तुम्हीच शिकवलीत. आजाऱ्याकडे जाताना मोसंबी न्यायची आणि त्याच दुखण्यानं आपल्यातलं कोण कोण गेलं ते सांगायचं, म्हणजे त्याला एकटं वाटत नाही. तेराव्या मिनिटाला माझ्या तोंडून तुकोजीरावकाका निघाले. (हेच हाड, आठव्या दिवशी आटोपले.) त्यांच्यामागून व्यासराज मास्तर.

"ते कधी गेले?" टीचरनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"चौथ्या महिन्यात, टीचर. अगदी चालायला लागणार होते, आणि..."

पहिलं मोसंबं कानावरून गेलं, दुसरं नाही. "होगो! चालता हो! सांगतेच तुझ्या प्रिन्सिपॉलना!" सही राहिली, फॉर्मही तिथंच राहिला. पुढच्या सोमवारी द्यायचाय.

तुम्ही काळजी करू नये. माझं बरं चाललंय.

आपला,
भुजंग

ता. क. काळजी करा. शनिवारच्या गाडीनं निघून याल का? नुसतं आजारी पडायचंय. गुडघा तुमचा दुखतोच ना, अल्लवा? कॉलेजला खोटं सांगावं लागणार नाही. चाळीस मिनिटं तुम्ही बोलायचं आणि मी ऐकायचं. तुमच्यापुढं आजवर कुणाला दुसरं काही जमलंय? बाबांना कळवू नका.

ता. क. दुसरा. तिकीट काढू नका. जिन्यात काठीचा आवाज आला म्हणून डोकावलो, तर सुगुणा टीचर! स्वतःच्या पायांनी, एकोणीस पायऱ्या चढून, हातात माझा फॉर्म. म्हणतात, चौथा महिना उद्या संपतोय आणि त्या अजून जिवंत आहेत, हे तोंडावर सांगायला आल्यायत. खुर्ची ओढून बसल्या. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. "आता मी बोलणार. सुम्ने कूत्को." गप्प बसलोय, आत्या. पेनसुद्धा खाली ठेव म्हणतायत