रामीचं लगीन आणि मास्तरांशी वाद

२ फेब्रुवारी १९१४, मोखाडा

जिंकले! जिवाजी मास्तर आज गप्प बसले. मिशीला पीळ देत बसले, पण गप्प!

वाद जुनाच. देवाच्या प्रीतीला अट आहे की नाही? मी म्हणते नाही. मास्तर म्हणतात आहे. माणसाने आधी 'चुकलो' म्हणायचं, मग देव जवळ घेणार. मी उन्हातान्हात पाड्यापाड्यांवर हिंडून बायकांना येशूच्या गोष्टी सांगते, हे मिशनच्या शाळेत सावलीला बसून पोरांकडून बाराखडी घोकून घेतात — आणि शास्त्र मला शिकवतात!

आज विचारलं, मास्तर, तुमचा थोरला फायनल परीक्षेत दोनदा आपटला, घराबाहेर काढलात का? म्हणाले, काढणारच होतो, पण त्याची आई आडवी आली. म्हटलं, झालं तर मग! देव निदान तुमच्या बायकोइतका तरी असेल की नाही? सरूबाई आतून खुदकन हसल्या. मास्तरांनी लगेच खडू संपल्याची गोष्ट काढली.

९ फेब्रुवारी

पादरीसाहेबांचं पत्र आलं. ईस्टरला, १२ एप्रिलला, इथे येऊन बाप्तिस्मा देतो म्हणतात. तयार असतील त्यांची नावं मागवलीत. नावं कसली, नावच. एकच आहे — सूर्यमाळची रामी. पण एक तर एक! तीन वर्षं तळपाय फाटेपर्यंत चालले, लोक म्हणायचे, ही मोखाड्याची बाई दगडाला पाझर फोडायला निघालीय. फुटला की नाही?

टपोऱ्या अक्षरात लिहिलं: रामी, नवरा ढवळू, जात वारली, राहणार सूर्यमाळ.

१४ फेब्रुवारी, सूर्यमाळ

पहाटे निघाले, ऊन डोक्यावर आलं तेव्हा पोचले. रामी नागली दळत होती. नाव पाठवलं म्हटल्यावर जात्याचा खुंटा सोडून हसतच सुटली. पन्नाशीची बाई, पण हसली की पोर दिसते. तिला सगळं सांगून झालंय, पण परत परत एकच ऐकायचं असतं: तो काही मागत नाही? कोंबडं नाही, नारळ नाही? मी म्हणते, काही नाही गं, तू आहेस तशी त्याला हवीस. मग ती मान हलवते आणि पुढचा घास जात्यात घालते.

ढवळूची भीती होती. तो कुडाला टेकून विडी ओढत होता. त्याचं म्हणणं एवढंच, की ती देवाकडे जाते तर जाऊ दे, भाकर इथेच भाजणार ना? भाजणार म्हटलं. मग त्याची हरकत नाही. इतकं सोपं असतं का कधी!

१५ फेब्रुवारी

पाय सुजलेत. मन मात्र हवेत.

२७ फेब्रुवारी

घात झाला.

सूर्यमाळला गेले तर रामी आनंदात. सोम्याचं लग्न ठरलं. चार पोरांतला हा एकच जगला. मुलगी पोशेरा गावची, नाव लाडकी; तिचा बाप हट्टाला पेटलाय, लगीन लावूनच पोर देईन म्हणतो. मी म्हटलं, छान झालं की. तर म्हणते, तू पण ये, बाय, माझं पण लगीन हाय.

मला वाटलं उन्हाने डोकं फिरलं हिचं. मग हळूहळू उलगडा झाला. रामी आणि ढवळू तीस वर्षं एकत्र नांदतात, पण त्यांचं लग्न लागलेलंच नाही! ह्यांच्यात पोरगी आधी घरी येते, चूल पेटते, पोरंबाळं होतात, आणि लग्न मागून कधीतरी, हातात चार दाणे जास्तीचे असतील तेव्हा. काहींचं राहूनही जातं. पण आईबापांचं लागल्याशिवाय मुलाचं लागत नाही. म्हणून एकाच मांडवात आधी रामी-ढवळू, मग सोम्या-लाडकी.

आणि मी दरबारी कारकुनासारखं 'नवरा ढवळू' लिहून मोकळी!

तेही सोसलं असतं. पण ते लग्न लावणार ठकी धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी गाणारी त्यांची पुरोहितीण. भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक काढणार, चौकात त्यांची पालघट देवी, आणि त्या देवीपुढे रामी हळद लावून बसणार. ईस्टरच्या तीन आठवडे आधी!

माझा तोल गेला. म्हटलं, त्या चौकापुढे बसलीस तर बाप्तिस्मा नाही, दार बंद.  ती म्हणाली, "तू तं बोलली व्हतीस, तो काय मागत नाय."

 तिने पाण्याचा तांब्या पुढे केला होता — झऱ्यावरून अर्धा कोस चढून आणलेलं पाणी. मी शिवले नाही. तशीच उठून चालू लागले. बरं केलं! काही गोष्टींत खंबीर राहावंच लागतं.

३ मार्च

मास्तरांना सांगितलं. वाटलं, शाबासकी देतील. दिलीच. "म्हणजे अट आहे म्हणा की, चंद्राबाई," म्हणाले. आणि मिशीत हसले.

माझ्याच तोंडाने मी हरले.

४ मार्च

भाकरी दोनदा करपली.

८ मार्च

उपासनेत मन लागलं नाही. मास्तर प्रार्थना करत होते आणि माझ्या कानात रामी. निघताना तिने मागून हाक मारून आणखी काही सांगितलं होतं. तेव्हा रागात ऐकून सोडून दिलं, आज चार दिवस तेच घुमतंय.

"आमच्यात आधी घरात घेतात, बाय. लगीन मागून व्हतं."

आता कागदावर लिहिल्यावर माझेच डोळे उघडतायत. तीस वर्षांत ह्या बाईला कोणी म्हटलं नाही की तू अजून बायको नाहीस. पहिल्या दिवसापासून चूल तिची, कणगी तिची. तीन पोरं पुरली तेव्हा ढवळूने तिच्यासोबत माती लोटली, लग्न लागलं नव्हतं म्हणून बाजूला उभा राहिला नाही. लग्न हे घरात येण्याचं भाडं नव्हे! घरात आहोत याचा आनंद झाला की लग्न करतात.

आणि मी तीन वर्षं घसा कोरडा करून दुसरं काय सांगत होते? तो आधी घरात घेतो. बाप्तिस्म्याचं पाणी नंतर. हिला ते ऐकायचीसुद्धा गरज नव्हती, ही त्यातच नांदत होती! मूर्ख कोण, तर मी.

मग पश्चात्तापाचं काय? हे मास्तर विचारणार. तोही मागूनच येतो. घरात घेतलं की माणसाला आपली आपण लाज वाटते. उंबऱ्याबाहेर उभं करून कोणाला लाज आणता येत नाही, राग तेवढा येतो.

तशीच उठले, मास्तरांचं दार वाजवलं, उभ्या उभ्या सगळं ऐकवलं. ते जेवत होते, हात वाळला त्यांचा. शेवटी म्हणाले, मग चौकापुढे बसलेली चालेल तुम्हाला? म्हटलं, चौकाचं मला कळत नाही, पण दार बंद करणारी मी कोण? दार माझं आहे का?

मास्तर पुन्हा ताटाकडे वळले. पुन्हा जिंकले!

२२ मार्च

रविवार. उपासना बुडवून सूर्यमाळला गेले, रामीच्या लग्नाला. 

ठकी धवलेरी आपली म्हातारी, दात पडलेली, पण आवाज असा की डोंगर ऐकेल. रामी हळदीने पिवळीधमक. ढवळूला मुंडावळ्या टोचत होत्या, तो सारखा कपाळ खाजवत होता आणि बायका हसत होत्या. आईबापाचं लागल्यावर सोम्याचं लागलं. लाडकी खाली मान घालून, सोम्या मात्र आपल्या बापाकडे बघून फिदीफिदी हसत. लोकांनी तांदूळ टाकले. माझ्याही मुठीत कोणीतरी दिले.

टाकले मी. चौकाकडे बघून नाही, रामीकडे बघून टाकले. पण टाकले.

तिने मला पाहिलं आणि हळदीचा हात वर केला. तेव्हाच जवळ जाऊन म्हणायचं होतं — रामी, त्या दिवशी माझं चुकलं, तुझ्या पाण्याला मी शिवले नाही. घरून ठरवून निघाले होते. पण भोवती गर्दी, तारपा वाजायला लागला, आणि खरं म्हणजे जीभच उचलेना. जगाला पश्चात्ताप शिकवणारी मी, आणि एका साध्या शब्दाला माझी ही तऱ्हा! न बोलताच परतले.

२६ मार्च

मास्तर स्वतः सांगायला आले. तांदळाची गोष्ट मोखाड्यात पोचलीय, तेव्हा साहेबांना कळवणं त्यांना भाग आहे. मागून लिहायचं नव्हतं, म्हणून आधी तोंडावर सांगितलं. माणूस सरळ आहे. म्हटलं, लिहा, काही लपवू नका, आणि लिहायला बसलाच आहात तर रामीच्या लग्नाचंही नीट लिहा. त्यांना रडू येतंय की काय असं वाटलं. मला बाई हसू आलं.

२ एप्रिल, जव्हार

जिंकले! असं कधीच जिंकले नव्हते!

पादरीसाहेबांचा तंबू शिरपामाळावर आहे. बोलावणं आलं होतं, गेले. वाटेत बैलगाडीत सगळी वाक्यं पाठ केली आणि तंबूत पाय ठेवताच सगळी विसरले. मग सुचेल तसं बोलले. आधी घरात घेतात, लग्न मागून होतं, हे सांगितलं. साहेब वयस्क आहेत, मराठी सावकाश बोलतात, पण कळतं सगळं. रामीने 'चुकले' म्हणावं, एवढंच त्यांचं मागणं. म्हटलं, पोराच्या लग्नासाठी आई मांडवात बसली, त्यात चुकलं असं तिला वाटत नाही. खोटं 'चुकले' म्हणवून घ्यायचंय का देवाला?

ते म्हणाले, "प्रीतीला अट नाही, चंद्राबाई. मंडळीला असते."

मी म्हटलं, "मग साहेब, मंडळीने देवापेक्षा कडक असावं का?"

 बाहेर त्यांचा घोडा फुरफुरत होता. साहेबांनी वही ओढली, मास्तरांचं पत्र आल्यावर रामीच्या नावावर मारलेली काट खोडली आणि तिथेच नाव पुन्हा लिहिलं. ईस्टरला रामीचा बाप्तिस्मा होणार! डोळ्यांना धारा लागल्या माझ्या.

मग साहेबांनी दुसरा कागद पुढे केला. रामी अजाण, मी नाही. मिशनच्या पगारी बाईने देवीपुढे अक्षता टाकल्या हे पाप होतं, असं लिहून सही करायची. केली तर नोकरी राहील.

नाही केली. रामीच्या लग्नात आनंद झाला म्हणून टाकल्या, पाप म्हणून कशी लिहू? साहेबांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण नियम तो नियम.

तर जमाखर्च असा: रामी आत, मी बाहेर. एकाच तंबूत, एकाच सकाळी! आणि तरी ह्या क्षणी मला गावभर ओरडत सुटावंसं वाटतंय.

५ एप्रिल, मोखाडा

आज उतरले जराशी. बारा वर्षं मिशनचं खाल्लं. खोली रिकामी केली, किल्ली मास्तरांकडे दिली. सरूबाईंनी शिदोरी बांधली आणि पदर डोळ्यांना लावला. मास्तर चावी हातात फिरवत म्हणाले, एवढ्या वर्षांत वादात तुम्ही हरावं असं मला एकदाही वाटलं नाही. आत्ता सांगताय होय, म्हटलं.

नाशिकला भाऊ आहे. तो ठेवून घेईल, पण आधी उंबऱ्यावर उभं करून विचारील: काय केलंस, कोणाशी भांडलीस, आता पुढे काय. सगळ्याची उत्तरं द्यावी लागतील. देईन. पण आधी सूर्यमाळ. तो एक शब्द रामीला द्यायचा राहिलाय, तो दिल्याशिवाय हा डोंगर उतरणार नाही.

६ एप्रिल, सूर्यमाळ

वाटभर घोकत आले. रामीने मला लांबून पाहिलं, डोक्यावरचं गाठोडं पाहिलं. पुढे येऊन ते उतरवून घेतलं आणि आत नेऊन आपल्या कणगीशेजारी ठेवलं. का आलीस नाही, किती दिवस नाही. मी दारातच म्हटलं, "रामी, त्या दिवशी मी—" ती म्हणाली, "आधी जेव."

नागलीची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी. पोटभर जेवले. लाडकीने माझी घोंगडी अंथरली, ढवळूने पाय पसरायला जागा करून दिली.

'चुकले' म्हणायचं अजून राहिलंच आहे.